न वाजलेली घंटा

१

रविवारी सकाळी मी अंगणात दात घासत होते, तेवढ्यात मिस्टर टागो फाटकातून आत आला. सामने भरवणारा माणूस रविवारी सकाळी चर्चमध्ये असतो, नाहीतर अंथरुणात. तो माझ्या अंगणात उभा म्हणजे काहीतरी वाईटच असणार.

"नॉर्टे गेला, आंटी. पहाटे साडेपाचला."

चूळ भरायचंसुद्धा मी विसरले. सव्वीस वर्षांचं पोरगं. आदल्या संध्याकाळी मीच त्याला टॅक्सीत घालून हॉस्पिटलात नेलं होतं. त्याच्या एका डोळ्याची बाहुली मोठी झाली होती आणि दुसऱ्याची लहान, तेव्हाच मी काय ते समजले होते. तरी माणूस आशा करतोच.

मी देदेई, हॉस्पिटलातली निवृत्त नर्स. नोकरी सुटली, पण बुकोम या आमच्या बॉक्सरांच्या वस्तीतली डोकी काही मला सोडत नाहीत. सामन्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक बॉक्सरचं डोकं नि डोळे तपासायचे, सामन्याआधी हातमोज्यांखाली गुंडाळलेल्या हातपट्ट्या चाचपून त्यांवर सही करायची, आणि सामन्यानंतर जे फुटलं असेल ते शिवायचं. तीस वर्षं हेच चाललंय. आमच्याकडे पोरगं चालायला शिकायच्या आधी मूठ वळायला शिकतं, आणि डोकं म्हणजे नारळ अशी सगळ्या गल्लीची पक्की समजूत आहे. डोक्याला मार लागला की येऊन सांगत जा, असं सांगून माझ्या घशाला कोरड पडली. पालथ्या घड्यावर पाणी.

शनिवारचा सामना मी पाच हातांवरून पाहिला होता. समोर ओदोय, बावीस वर्षांचा. तिसऱ्या फेरीत नॉर्टेने ओदोयच्या कानाखाली असा ठेवून दिला की पोरगं स्वतःभोवती अर्धं फिरलं. चौथ्या फेरीत ओदोयचा एक डावा ठोसा नॉर्टेच्या कपाळाच्या बाजूला लागला. लागला म्हणजे काय, नुसता घासून गेला. त्याने माझी मांजरसुद्धा जागची हलली नसती. नॉर्टे मात्र मटकन खाली बसला. पंचाने आठ म्हणेपर्यंत उठला, आपल्या पायांनी कपडे बदलायच्या खोलीत गेला, तिथे एक चावट विनोद केला आणि मग ओकायला लागला.

टागोने हातातली पिशवी माझ्यापुढे धरली. "एवढ्याशा ठोशाने नॉर्टेसारखा गडी मरतो होय? हात लावून बघा."

आत ओदोयच्या हातपट्ट्या होत्या. रात्रभर हॉलच्या खिडकीत पडल्या होत्या म्हणे. बोटं फिरवली तर लाकडासारख्या कडक. टागो म्हणाला, यात प्लास्टर भरलंय हे आता सगळ्या गल्लीला कळलंय. मंगळवारी दुपारी नॉर्टेच्या घरचे वडीलधारे आणि बॉक्सिंग मंडळाची माणसं जिमच्या आवारात बसणार. तिथे प्लास्टर ठरलं की ओदोय पोलिसांच्या ताब्यात. म्हणजे मंगळवारपर्यंत गल्लीने त्याला जिवंत सोडलं तर.

"आणि आंटी," तो पट्टी उलटी करत म्हणाला, "ही निळ्या शाईची सही कुणाची?"

माझी होती.

२

ओदोयची आई कोर्कोर कोपऱ्यावर केंकी विकते. मक्याचं आंबवलेलं पीठ पानात बांधून उकडायचं, सोबत तळलेला मासा आणि मिरचीची काळी चटणी. अर्धी गल्ली तिच्या हातचं खाऊन मोठी झाली. त्या दिवशी तिच्या चुलीपुढे चिटपाखरू नव्हतं, आणि पत्र्यावर सकाळीच कुणीतरी दगड मारून गेलं होतं.

ओदोय मागच्या खोलीत होता. खिडकीवर चटई टांगलेली, आत अंधार. मी चटई बाजूला केली तसा तो तोंड फिरवून भिंतीकडे वळला. लाजेने असेल, भीतीने असेल. मला त्याचा राग आला होता आणि कीवही येत होती.

"पट्ट्यांत काय होतं?" मी सरळ विचारलं.

"माझे हात," तो म्हणाला. "दुसरं काही नाही, आंटी. मी त्याला धड मारलंसुद्धा नाही. तो पडला तेव्हा मीच दचकलो." मग डोळे मिटून घेत म्हणाला, "तेवढी चटई सोडा ना."

मी सोडली. पोराला तोंड दाखवायचं नसेल तर नको दाखवू देत.

बाहेर येऊन कोर्कोरला विचारलं, पट्ट्या कुठून आणल्या. नियमाने नव्या कोऱ्या हव्यात, पण मंडळाकडे नेहमीप्रमाणे संपलेल्या होत्या, म्हणून प्रत्येकाने घरच्या आणल्या होत्या, हे मला माहीत होतं. ती म्हणाली, शुक्रवारी स्वतः धुतल्या, आणि पोराचा मोठा सामना म्हणून रविवारच्या सदऱ्याला करते तशी कांजी केली. केंकीचं पाणी आयतंच होतं. मोठ्या अभिमानाने सांगत होती बाई.

मी कपाळाला हात लावला. पोराच्या हातपट्ट्यांना कांजी! शनिवारी बांधलेले हात चाचपताना जरा कडक लागलंच होतं मला. कापड नवं असेल असं म्हणून मी सही ठोकली. तेव्हा शहाणपणा कोर्कोरला कोणत्या तोंडाने शिकवू?

"घामाने ती शनिवारी मऊ झाली असणार," मी म्हणाले. "वाळल्यावर पुन्हा कडक. एवढंच."

"मग लोकांना सांगा ना."

"सांगीन. ते दुसरं विचारतील. मग नॉर्टे मेला कशाने?"

कोर्कोर डोळे पुसायला लागली. म्हणाली, नॉर्टे तिला परका नव्हताच. शुक्रवारी वजन झाल्यावर तिच्याकडेच जेवला. गडबडीत मासा पार करपून कोळसा झाला होता, धुराने शेजारीण खोकत आली. ती दुसरा तळून देणार होती, तर हा म्हणाला, राहू दे, छान झालाय. अख्खा खाल्ला. इतकं गुणी लेकरू.

मी अर्ध्या वाटेवर पोचले आणि थांबले. याच नॉर्टेने लहानपणी शिळ्या माशावरून आईशी भांडून ताट भिरकावलेलं मी पाहिलं होतं. तो कोळसा खाऊन छान म्हणाला?

३

नॉर्टेच्या घरी मंडळी जमली होती. त्याचा थोरला भाऊ तेइको अंगणाच्या मध्यभागी सुतकाचं काळं-तांबडं कापड पांघरून बसला होता. तेइको स्वतः एकेकाळचा बॉक्सर, आता भावाचा कोच. बाप लवकर गेला, तेव्हा नॉर्टेला यानेच वाढवलं आणि यानेच ठोसा शिकवला. सगळ्यांत मोठा आवाज त्याचाच होता. ओदोय खुनी, त्याचा कोच खुनी, मंडळ आंधळं, आणि आंटी देदेईचे डोळेही आता गेले.

मी आल्यावर रीतीप्रमाणे पाणी द्यायला तो उठला. वाकून पेला माझ्यापुढे धरला, तो डाव्या हाताने.

सगळं अंगण त्या हाताकडे बघायला लागलं. डाव्या हाताने आमच्याकडे कुत्र्यालासुद्धा कुणी बोलवत नाही. याच्या जन्माच्या वेळी नाळ कापायला मी होते, आणि हा मला भर लोकांत डावा हात दाखवतो. घरात सुतक होतं म्हणून मी गप्प राहिले. पेला घेतला, दोन घोट प्यायले आणि मनात त्याला चार शिव्या घातल्या.

मग विचारलं, गेल्या आठवड्यात नॉर्टेच्या डोक्याला कुठे मार लागला होता का.

"नाही," तो म्हणाला. "दहा दिवस सरावालासुद्धा कुणाशी लढला नाही तो. सणाआधीची महिन्याची ढोलबंदी होती, जिम बंदच होती म्हणा ना. नुसती दोरीवरची उडी." मग आवाज चढवून, "तुम्हीच शुक्रवारी तपासलंत ना? तेव्हा काय झोपला होतात?"

हे मात्र वर्मी लागलं. मी खरंच तपासलं होतं. डोकं दुखतं का विचारलं, तर हसून नाही म्हणाला. डोळ्यांत बॅटरी मारली तेव्हा त्याने तोंड फिरवलं आणि डोळ्यांना पाणी आलं. म्हणाला, धूळ गेली. मी धूळ लिहून मोकळी झाले.

त्याची आई आतल्या खोलीत होती. तिला शोध नको होता, फक्त मुलाबद्दल बोलायचं होतं. मी ऐकत बसले. गुरुवारचं सांगत होती. ढोलबंदी उठली, महिनाभर मुके बसलेले ढोल एकदम सुरू झाले, सगळी गल्ली रस्त्यावर नाचायला. दरवर्षी पहिल्या ढोलाबरोबर उडी मारणारा नॉर्टे आत आला आणि डोक्यावर उशी दाबून पडून राहिला.

"मला वाटलं, सामन्याचं टेन्शन," ती म्हणाली.

उजेड नको, आवाज नको, करपल्याचा वास येत नाही. एवढं कळायला डॉक्टर लागत नाही. शनिवारचा ठोसा खाण्याआधीच त्या डोक्यात काहीतरी बिनसलेलं होतं. बुधवारी किंवा त्याच्या मागेपुढे कुणीतरी त्याला मारलं होतं, जबर मारलं होतं, आणि ते कुणाला तरी ठाऊक होतं.

४

सोमवारी सकाळी जिममध्ये गेले. एकेकाला धरून विचारलं. जो तो छताकडे बघत म्हणाला, आम्ही बुधवारी नव्हतोच. ढोलबंदीत कोण येतं, आंटी? खोटं नसावं ते. त्या महिन्यात ठोकाठोकी, संगीत, आरडाओरडा सगळं बंद, जिमची पितळी घंटासुद्धा फडक्यात गुंडाळून कपाटात. बरीचशी पोरं तेवढीच सुट्टी घेतात.

दारात बाकावर आदोतेबाबा बसले होते. पंचेचाळीस वर्षांपूर्वी यांच्या नावाने तिकिटं संपायची. दोनशेच्या वर सामने, आणि ठोसा चुकवण्यापेक्षा खाण्यात मर्दुमकी. आता हात थरथरतात, शब्द जड येतात, सकाळी काय जेवले ते दुपारी आठवत नाही. जिमने त्यांना वेळ पाहायचं काम दिलंय. घड्याळ बघायचं, तीन मिनिटं झाली की घंटा वाजवायची. तेवढं बरोबर करतात.

मला पाहून त्यांनी माझा हात धरला. "मी कापड वर केलं होतं," ते म्हणाले. "वेळेवर केलं. माझी चूक नाही."

"कसलं कापड, बाबा?"

"त्याने पाहिलं. हात खाली केले. दुसऱ्याची पाठ होती माझ्याकडे. त्याने नाही पाहिलं." मग गालातून एक आवाज काढला, ठोसा बसतो तसा. "माझी चूक नाही."

आतून कुणीतरी हसलं. तिथल्या एकाने मला समजावलं की, बाबा कालपासून हीच टकळी लावून बसलेत, त्यांच्या जमान्यातली कुठलीतरी लढत असणार, मनावर घेऊ नका. मीही मनावर घेतलं नाही. बाबांचा हात सोडवून निघाले, कारण मला कामं होती, आणि ज्याचं डोकं जाग्यावर नाही त्याच्याशी डोकं लावायला मला वेळ नव्हता.

मासळीबाजारापर्यंत गेले आणि पाय थबकले. सामन्यात कापड कुठून येईल? सामन्यात घंटा असते. बाबांच्या जमान्यातही घंटाच होती. कापड वर करून फेरी थांबवतात ती फक्त जिममध्ये, आणि तीही ढोलबंदीत, घंटा मुकी असते तेव्हा.

तशीच उलटी फिरले. घामाघूम होऊन बाकावर बसले.

"बाबा, कोणतं कापड वर केलंत?"

त्यांनी खिशात हात घातला. बराच वेळ चाचपडून एक घडी बाहेर काढली. पिवळा रुमाल होता, कडेला निळे मासे. माझ्याच डोक्याचा. ढोलबंदीच्या पहिल्या दिवशी त्यांचं जुनं पांढरं फडकं चिंध्या झालेलं पाहून मीच तो त्यांना दिला होता.

म्हणजे लढत पंचेचाळीस वर्षांपूर्वीची नव्हती. ती याच महिन्यातली होती, आणि हात खाली करणारा नॉर्टे होता. ज्याची पाठ होती तो कोण, हे मात्र बाबांना काही केल्या आठवेना. नाव ओठांवर यायचं आणि विरून जायचं. शेवटी तेच रडायला लागले. मी त्यांचे डोळे त्या रुमालाने पुसले आणि घरी येऊन पाण्याचा पेला तोंडाला लावला.

पेला हातात होता तसाच राहिला. मारणारा कोण ते मला कळलं होतं, आणि कळायला नको होतं असं वाटलं.

५

मंगळवारी आमच्याकडे कुणीही होडी समुद्रात घालत नाही. म्हणून गल्लीतले सगळे पुरुष रिकामे, आणि रिकाम्या पुरुषाचं तोंड कसं चालतं ते देवाला ठाऊक. जिमच्या आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. नॉर्टेकडचे वडीलधारे खुर्च्यांवर, मंडळाची तीन माणसं टेबलामागे. ओदोय भिंतीच्या सावलीत आईला खेटून उभा होता, टोपी पार भुवयांवर ओढलेली.

टागोने पट्ट्या टेबलावर आपटल्या. ठक्क आवाज झाला, आणि गर्दीत गुरगुर सुरू झाली.

मी बादलीभर पाणी मागवलं. पट्ट्या त्यात टाकल्या, शंभर आकडे मोजले आणि बाहेर काढून मंडळाच्या साहेबांच्या हातात दिल्या. ओल्या पोळीसारख्या लोंबत होत्या. सांगितलं, वास घ्या. त्यांनी घेतला आणि म्हणाले, केंकी. प्लास्टर एकदा बसलं की पाण्याने मऊ होत नाही, हे त्यांना सांगावं लागलं नाही. मागून कुणीतरी खुसखुसलं. कोर्कोरने मान खाली घातली.

"मग माझा भाऊ कशाने मेला?" तेइको उभा राहिला. "त्या फुसक्या ठोशाने?"

"हो आणि नाही," मी म्हणाले. "तू बस आणि ऐक. आयुष्यात एकदा तरी ऐका माझं कुणीतरी."

मी त्यांना सांगितलं ते असं. डोकं नारळ नाही. नारळात खोबरं कवटीला चिकटलेलं असतं. डोक्यातला मेंदू आत पाण्यात सुटा असतो. ठोशाने डोकं गर्रकन फिरलं की मेंदू मागे राहतो आणि त्याच्या बारीक शिरा ताणून तुटतात. येणारा ठोसा दिसला तर मान आपोआप ताठ होते, धक्का खांद्यांत उतरतो. न दिसलेला ठोसा मात्र सगळाच्या सगळा आत जातो. म्हणून हात खाली केलेल्या माणसाला बसलेला एक ठोसा सामन्यातल्या पन्नासांपेक्षा वाईट. शीर तुटली की रक्त हळूहळू साठतं. माणूस चालतो, हसतो, वजन करतो. आणि मग तीन दिवसांनी कुणीतरी नुसता धक्का दिला की भरलेलं भांडं सांडतं. शनिवारी ओदोयने तो शेवटचा धक्का दिला. भांडं बुधवारीच भरलं होतं.

"बुधवारी काही झालं नाही," तेइको म्हणाला.

मग मी करपलेल्या माशाचं सांगितलं, गुरुवारच्या उशीचं सांगितलं. नॉर्टेच्या आईने अंगावरच्या कापडाचं टोक तोंडात कोंबलं. बाबांना बोलावून पिवळा रुमाल वर करायला लावला. कुणी हसलं नाही. फक्त कापड पाहून थांबायचं, म्हणजे घंटा मुकी होती. म्हणजे ढोलबंदी. आणि रुमाल माझा, म्हणजे याच वर्षीची.

"फक्त एकच राहिलं," मी म्हणाले आणि पेला भरून तेइकोपुढे धरला. "रविवारी तू मला डाव्या हाताने पाणी दिलंस. मला वाटलं, अपमान केलास. पण तुझ्या आईने तुला असं वाढवलेलं नाही, आणि चिडलेला माणूस शिव्या देतो, तू तर पेला अदबीने वाकून दिलास. हा घे. उजव्या हाताने घे."

त्याने घेतला नाही. मग त्याने पांघरलेलं कापड हळूच बाजूला केलं. उजव्या हाताची करंगळीमागची गाठ सुजून काळीनिळी पडली होती. कवटीवर मूठ तिरकी बसली की हेच हाड जातं, हातमोजा असला तरी. ही मोडलेली हाडं मी तीस वर्षं बांधते आहे.

"शेवटचा सराव होता," तेइको म्हणाला. आवाज इतका खाली आला होता की पुढचे लोक मागच्यांना गप्प करायला लागले. "तो मला चिडवत होता, म्हातारा झालास म्हणून. मी जोर लावला. त्याने हात खाली केले, मला वाटलं अजून चिडवतोय. कापड मी पाहिलंच नाही, आंटी. घंटा असती तर हात थांबला असता. वीस वर्षं घंटेवर थांबतोय तो हात."

"मला का नाही सांगितलंस?"

"तो म्हणाला, आंटीला सांगू नको. ती सामना थांबवेल."

"थांबवला असता," मी म्हणाले. "आणि तो आज इथे बसून मला शिव्या देत असता."

मला इतका संताप आला होता की रडू येत होतं. ज्या बाईचं काम जीव वाचवायचं, तिच्यापासूनच सगळे लपवणार. आणि हा माणूस भावाच्या सुतकात बसून दुसऱ्याच्या पोराला खुनी ठरवत होता, कारण खुनी ओदोय ठरला तर तो स्वतः ठरत नव्हता. हे मी त्याला तिथेच सगळ्यांसमोर सुनावलं.

६

वडीलधाऱ्यांनी आपसात कुजबुज केली. सर्वांत वृद्ध होते ते म्हणाले, पोलिसांचं पोलीस बघतील, पण या मुलाचं नाव ज्याने मळवलं त्यानेच धुवायचं. तेइको गर्दीतून वाट काढत भिंतीपाशी गेला, ओदोयचा हात आपल्या सुजलेल्या उजव्या हातात धरला आणि त्याला मधोमध घेऊन आला. म्हणाला, याच्या हातात काही नव्हतं. याच्या आईच्या पत्र्यावर पुन्हा दगड पडला तर तो माझ्या घरावर पडला असं समजेन. कोर्कोर मटकन खाली बसून रडली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मला श्वास घेतल्यासारखं वाटलं.

मग मंडळाचे साहेब उभे राहिले. बॉक्सर गेला की त्याच्यासाठी दहा वेळा घंटा वाजवतात. कपाटातून घंटा आली, आदोतेबाबांनी हातोडी घेतली. सगळे टोप्या काढून उभे राहिले.

पहिला ठोका पडला. मी नॉर्टेच्या आईकडे बघत होते. दुसरा, तिसरा. चौथ्या ठोक्याला सहज नजर वळली. ओदोयने दोन्ही कानांवर हात गच्च दाबले होते. टोपी काढल्यामुळे ऊन तोंडावर आलं होतं आणि त्याचे डोळे घट्ट मिटलेले. लोकांना वाटलं, रडतोय.

खिडकीवरची चटई. टोपी भुवयांपर्यंत. "तेवढी चटई सोडा ना." तिसऱ्या फेरीत कानाखाली बसलेला तो ठोसा, ज्याने पोरगं अर्धं फिरलं होतं. मी मेलेल्याच्या डोक्याचा तीन दिवस छडा लावत फिरत होते, आणि जिवंत डोकं दोनदा माझ्यासमोर असताना मी त्याला लाज आणि भीती समजले. गल्लीला शहाणपण शिकवणारी मीच आंधळी.

"घंटा थांबवा," मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा लोकांनी माझं लगेच ऐकलं.

तेइकोने काही विचारलं नाही. ओदोयला उचलून रस्त्यावर नेलं, समोरची टॅक्सी अडवली. मी पुढे, ते दोघे मागे. गाडीत ओदोय एकदा ओकला, तेइकोच्या त्या काळ्या-तांबड्या कापडावर. तेइकोने त्याचं डोकं मांडीवर धरून ठेवलं आणि मान हलू दिली नाही. मी हॉस्पिटलात पोचेपर्यंत दर मिनिटाला त्याला त्याचं नाव विचारत होते. एकदा त्याने चुकून नॉर्टे सांगितलं.

त्याच संध्याकाळी त्याच्या कवटीला छिद्र पाडून रक्त काढलं. डॉक्टरीणबाई माझ्याच हाताखाली शिकलेली. म्हणाली, उद्या आणला असतात तर मढंच परत न्यावं लागलं असतं. पोरगं जगेल, पण आता पुन्हा रिंगमध्ये नाही. तीन आठवड्यांनी नॉर्टेच्या शवविच्छेदनाचा अहवाल आला त्यातही दोन रक्तं लिहिली होती, एक शनिवारचं आणि एक त्याच्या आधीचं, गोठलेलं.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी ओदोय शुद्धीत नीट बोलायला लागला. कोर्कोर डबा घेऊन आली होती, मासा या वेळी करपला नव्हता. मी त्याच्या उशाशी बसले आणि इतके दिवस साठवलेलं सगळं त्याच्यावर काढलं. शनिवारपासून डोकं फुटत होतं, आवाज सोसत नव्हता, उजेड सोसत नव्हता, मग तोंड शिवलं होतं का तुझं? मी समोर उभी होते. दुसऱ्याच्या मूर्खपणाने एक पोरगं गेलेलं पाहिलंस, तरी सांगितलं नाहीस?

तो चिडला नाही.

"तुम्ही पट्ट्यांचं विचारलंत, आंटी," तो म्हणाला. "डोक्याचं कुणी विचारलंच नाही."

त्याला पाणी हवं होतं. तेइको दाराशी बसून होता, तो उठला आणि प्लास्टर बांधलेल्या उजव्या हाताने पेला पुढे केला.